शके ९८२ आणि कॅम्प नंबर चार

पडद्यावर वाक्य येतं: ‘उल्हास सकाळच्या लोकलने बदलापूरहून ठाण्याला गेला.’ यातला माणूस कोण, गावं कोणती, एवढ्यावर खूण करायची. सोपं. पुढचं वाक्य: ‘उल्हास पात्राबाहेर आली.’ आता उल्हास नदी झाली, आणि ते नुसत्या ‘आली’वरून कळतं. त्यानंतर: ‘त्याला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं.’ शहरात, की पोलिसांच्या? मागची दोन वाक्यं उघडून बघावी लागतात. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, त्यामुळे बरंच काम आपोआप होतं. देवनागरीत ती सोय नाही. त्यात ‘कल्याण’ स्टेशनही आहे आणि लोकांचं होतंही.

मजकूर वाचून संगणकाने आपली आपण माहिती गोळा करावी, तर आधी त्याला खुणा केलेली वाक्यं दाखवावी लागतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये हाताने खुणा केलेली अशी २५,००० मराठी वाक्यं खुली केली.

नावं ओळखता आली की पुढे त्यांचं नातं जोडायचं: अंबरनाथचं शिवमंदिर, बांधलं, १०६०. इथे खरी कसोटी लागते. मंदिराच्या शिलालेखात शके ९८२ आहे, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातलं. ७८ मिळवले की इसवी सन १०६०. प्रोग्रॅम एका लेखातून ९८२ उचलतो, दुसऱ्यातून १०६०, आणि दोन्हींना ‘वर्ष’ म्हणून शेजारी बसवतो. मग जे जास्त वेळा छापलंय ते खरं धरायचं, हा सर्रास चालणारा नियम. मला तो पटत नाही. दहा जणांनी एकमेकांचं उतरवून काढलं, तर साक्षीदार एकच.

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ हा प्रोग्रॅम वाचायला बसवला, तो रात्रंदिवस वाचत राहिला. त्याने इंटरनेटच्या ‘कुकीज’ बेकरीच्या मालात टाकल्या. मग कुकीज डिलीट करतात असं वाचलं आणि संगणकाच्या फायलीही भट्टीत गेल्या. शिकलेल्यावरच पुढचं शिकायचं, म्हणून एक चूक अशी पिल्लं घालते; शेवटी माणसांनाच मध्ये पडून ती निस्तरावी लागली.

आमच्याकडची कुकी म्हणजे ‘कॅम्प’. ‘कॅम्प नंबर चारमध्ये पाणी नाही’ हे उल्हासनगरबद्दल आहे, हे अंबरनाथच्या शाळकरी पोरालाही कळतं. यंत्राला सैन्य दिसतं. तेही अगदीच खोटं नाही म्हणा! मुळात ही कल्याणजवळची लष्करी छावणीच. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी उल्हासनगरची कोनशिला बसवली. पण स्थानिक बातमीत ‘उल्हासनगर’ हा शब्दच नसतो. वाचणाऱ्याला ठाऊक असतं म्हणून कोणी लिहीत नाही. जे लिहिलंच नाही, ते वाचून कसं शिकणार?

तेव्हा आपल्या गावाबद्दल स्मरणिकेत, दिवाळी अंकात, कुठेही लिहाल, तेव्हा दोन गोष्टी करा: सनाआधी शके की इसवी ते लिहा, आणि कॅम्प नंबराआधी शहराचं नाव.