बाहेर बर्फ, आत फुलपाखरे

आमचे भाईजान कॅनडात मिसिसागाला राहतात. अब्बांच्या इंतकालानंतर त्यांनी अम्मींना तिकडे नेले. गेल्या डिसेंबरात आम्ही मुलांसह भेटायला गेलो, तेव्हा अम्मी खिडकीजवळच्या खुर्चीतून फारशा उठतच नव्हत्या. बर्फावर पाय घसरेल या धास्तीने महिनाभर घराबाहेर पडल्या नव्हत्या. रत्नागिरीच्या अंगणात आयुष्य गेले त्यांचे! पण मुलाला वाईट वाटेल म्हणून गप्प.

एका रविवारी भाईजाननी सगळ्यांना गाडीत घालून नायगाऱ्याला नेले. तिथल्या वनस्पती उद्यानात 1996 साली सुरू झालेले फुलपाखरांचे काचघर आहे. चाकांची खुर्चीही आत नेता येते. बाहेर पारा शून्याखाली; दुहेरी दारातून आत पाऊल टाकले आणि सर्वांचे चष्मे धुरकटले. ओली, उबदार हवा, केळीसारखी रुंद पाने, पाण्याचा आवाज. "अरे, हा तर आपला आषाढ!" अम्मी म्हणाल्या आणि स्वतःच शाल काढली.

आत 2,000 हून अधिक फुलपाखरे मोकळी उडत असतात. अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही, म्हणून ही ऊब. बहुतेकांचे आयुष्य दोन-चार आठवड्यांचेच, त्यामुळे उष्ण देशांतून सतत कोष मागवावे लागतात. ते एका काचेच्या खिडकीत टांगलेले होते. एक फुलपाखरू नुकतेच बाहेर आले होते, पंख चुरगळलेले. "त्याला मदत करूया ना," धाकटी म्हणाली. आम्ही सांगितले, शरीरातला द्रव ते स्वतः पंखांत ढकलते, तेव्हाच पंख ताठ होतात. हात लावला तर जन्माचे अधू होईल.

ताटलीतल्या पिकलेल्या केळ्यावर निळे मॉर्फो बसले होते. त्याच्या पंखांत निळा रंग नसतोच. पंखांवरच्या सूक्ष्म खवल्यांच्या रचनेमुळे प्रकाश निळा परततो. पंख मिटले की नुसते तपकिरी. अम्मी पाहतच राहिल्या. "सुबहानअल्लाह! आपल्या लिंबोणीवर असंच काळं-निळं यायचं." ते ब्लू मॉर्मन. 2015 पासून ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे.

"मग इथली फुलपाखरं थंडीत काय करतात?" अम्मींनी विचारले. काही अंडी किंवा कोषाच्या रूपात थंडी काढतात, काही झाडांच्या सालींत दडून बसतात, आम्ही सांगितले. मोनार्क मात्र हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोला जातो आणि वसंतात उत्तरेकडे निघतो.

अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग भाईजानकडे वळून हळूच म्हणाल्या, "बेटा, मलाही थंडीत घरी पाठवशील? उन्हाळ्यात येईन की परत."

भाईजानचा चेहरा उतरला. "अम्मी, आधी का नाही सांगितलं?"

"तू इतक्या हौसेनं आणलंस, कसं सांगू?"

बाहेर पडताना कपड्यांवर फुलपाखरू राहिले नाही ना, हे सगळ्यांनी एकमेकांचे पाहिले. परतीच्या वाटेवर दोघे तिकिटाच्या तारखा ठरवत होते.

वडीलधाऱ्यांना आपण घर, हीटर, औषधे देतो आणि त्यांनाही ते आवडतेच असे धरून चालतो. विचारायचे मात्र राहून जाते. आम्हीही फोनवर रोज "तब्येत कशी आहे?" एवढेच विचारत होतो.

यंदा नोव्हेंबरात अम्मी रत्नागिरीला येत आहेत. परवाच फोनवर ताकीद मिळाली: लिंबोणीवरच्या अळ्या झाडून टाकू नका.