दुबई वाटेत आहे, पण तिकिटात नाही

हिंजवडीला खेटून असलेल्या नेऱ्यात हल्ली परदेशी जाणाऱ्यांना तोटा नाही. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची लेक लंडनला. त्यामुळे सोसायटीच्या बाकावर विमानाच्या तिकिटांबद्दल सल्लेही भरपूर मिळतात. त्यातला एक इतक्यांदा कानावर आलाय की आता गप्प बसवत नाही : "विमान दुबईला थांबतंच ना? मग उतरायचं, चार दिवस फिरायचं आणि नंतरच्या विमानाने न्यूयॉर्क गाठायचं. तिकीट तर काढलेलंच आहे!"

नाही हो, असं चालत नाही.

हा समज येतो कुठून ते समजण्यासारखं आहे. रेल्वेत ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर नियम पाळून वाटेत उतरता येतं. एसटीचा तर 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा पासच आहे. विमानाचं तिकीट या जातीचं नाही. विमान कंपनी अंतर मोजून पैसे घेत नाही, ती 'मुंबई ते न्यूयॉर्क' या जोडीचा भाव लावते. दुबई ही तिने स्वतःच्या सोयीने मध्ये घातलेली जागा. म्हणूनच वळसा घालून जाणारं विमान थेट विमानापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं. तो वळशाचा मोबदला असतो, दुबई दर्शनाची सवलत नव्हे.

तरीही तुम्ही दुबईला बाहेर पडलात, तर काय होतं? न्यूयॉर्कच्या विमानाच्या दारात तुमच्या नावाचा पुकारा होतो. तुम्ही येत नाही, 'नो-शो' अशी नोंद होते आणि तिकिटातले पुढचे सगळे टप्पे सहसा रद्द होतात. सहा महिन्यांनंतरचा परतीचा प्रवासही. टप्पे ठरल्या क्रमानेच वापरायचे, हे कंपन्यांच्या वाहतूक-अटींमध्ये लिहिलेलं असतं. खोटं वाटत असेल तर 'कंडिशन्स ऑफ कॅरेज' उघडून बघा. आपण ते न वाचताच 'मान्य' म्हणतो, हा भाग वेगळा.

आणि बॅग? ती मुंबईतच थेट न्यूयॉर्कचा टॅग लावून गेलेली. ती तुमच्या हाती लागत नाही, आणि तुमच्याशिवाय पुढेही जात नाही. १९८५ साली एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात प्रवासी चढलाच नाही, त्याची बॅग मात्र चढली. त्यात बॉम्ब होता, ३२९ जीव गेले. त्यानंतर प्रवासी आणि सामान यांची जुळणी जगभर सक्तीची होत गेली. म्हणजे तुम्ही खरेदीला निघालात की तिकडे कर्मचारी विमानाच्या पोटातून तुमची भडंगाची बॅग शोधून काढतात आणि बाकीचे प्रवासी खोळंबतात.

मग चार दिवस दुबई बघायचीच नाही का? जरूर बघा, पण तिकीट काढतानाच सांगून. संकेतस्थळावर 'राउंड ट्रिप'च्या शेजारी 'मल्टी-सिटी' असतं. तिथे तीन ओळी भरायच्या : मुंबई–दुबई, चार दिवसांनी दुबई–न्यूयॉर्क, मग न्यूयॉर्क–मुंबई. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांच्या आतला थांबा ट्रान्झिट, त्यापुढचा स्टॉपओव्हर. तो फुकट, पैसे घेऊन की मुळीच नाही, हे त्या-त्या भाड्याचे नियम ठरवतात. आइसलँडएअर अटलांटिक ओलांडणाऱ्यांना आइसलँडमध्ये सात दिवसांपर्यंत थांबू देते, जादा भाडं न घेता. सगळ्या कंपन्या इतक्या उदार नसतात.

"मल्टी-सिटी म्हणजे महाग" हा उलट्या टोकाचा समज. लेक लंडनला आणि मुलगा न्यू जर्सीत असेल तर मुंबई–लंडन आणि मुंबई–न्यूयॉर्क अशा दोन स्वतंत्र वाऱ्यांपेक्षा मुंबई–लंडन–न्यूयॉर्क–मुंबई हे एकच तिकीट बहुधा परवडतं. रोमला उतरून पॅरिसहून परतायचं असेल, तर बऱ्याच कंपन्या दोन्ही बाजूंची अर्धी-अर्धी राउंड ट्रिप जोडून भाडं लावतात. शिवाय विमानासाठी पुन्हा रोमला जायचा खर्च वाचतो. मात्र छुपा खर्च बघा : लंडनला २४ तासांपेक्षा जास्त थांबून पुढे उडालात की ब्रिटनची एअर पॅसेंजर ड्युटी लागते. न्यूयॉर्कसाठी ती माणशी शंभर पौंडांच्या आसपास जाते.

"सुटी तिकिटं काढली तरी तेच." तेच नाही. वेगळ्या पीएनआरवर पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या विमानाची कंपनी तुम्हाला ओळखत नाही.

"तिकीट आहे म्हणजे बाहेर पडता येतं." व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना यूएईत, अटी पूर्ण होत असतील तर, विमानतळावर तो मिळतो. अशी सवलत नसलेल्यांनी आधी काढायचा.

"युरोपात जिथे आधी उतरू तिथलाच व्हिसा." शेंगेन व्हिसा संहितेचं पाचवं कलम म्हणतं, जिथे मुख्य मुक्काम तिथे अर्ज; उतरण्याचा देश फक्त मुक्काम सारखे असतील तेव्हा. मध्ये लंडन करून पुन्हा युरोपात यायचं असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा.

"मुंबईहून गेलो की मुंबईलाच परत." अजिबात नाही. जाताना द्रुतगती मार्गाने मुंबई, येताना पुण्याचा लोहगाव विमानतळ, असंही एका तिकिटात बसतं. फक्त लोहगावहून नेऱ्याला यायला किती वेळ लागेल, ते मी सांगणार नाही.

आणि एखादा टप्पा सोडावाच लागणार असेल, तर कंपनीला विमान सुटण्याआधी कळवा आणि परतीचं तिकीट शाबूत असल्याचं लेखी घ्या. विमान सुटल्यावर केलेल्या फोनचा सहसा उपयोग होत नाही.