चौकट : दोहाचं ‘सिव्हिल’

अल मुंतझा ही दोहातली जुनी निवासी वस्ती. इथून मोटारीनं काही मिनिटांवर रुमैला रुग्णालय आहे. दोहा लहानसं गाव होतं, तेव्हाचं हे सरकारी इस्पितळ. आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयासारखंच.

● १९५३ : आराखड्याची स्पर्धा ब्रिटिश वास्तुरचनाकार जॉन हॅरिस यांनी जिंकली. दुबईच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा आराखडाही पुढे त्यांनीच केला.

● १९५७ : रुग्णालय सुरू. त्याआधी गावात अमेरिकी मिशनचा छोटा दवाखाना होता.

● १९७९ : सरकारी रुग्णालयांसाठी हमद मेडिकल कॉर्पोरेशनची स्थापना.

● १९८२ : शेजारीच हमद जनरल हॉस्पिटल उघडलं. तातडीचे, गंभीर रुग्ण तिकडे जाऊ लागले. रुमैला मात्र पाडलं नाही; वृद्धांची शुश्रूषा आणि पुनर्वसन ही कामं त्याच्याकडे आली.

● २०१७ : याच परिसरात महिलांसाठी नवं रुग्णालय. सुमारे त्याच काळात पुनर्वसनासाठी स्वतंत्र संस्था आणि ज्यांनंतर त्याच दिवशी घरी जाता येतं अशा शस्त्रक्रियांचं केंद्रही झालं.

● लक्षात ठेवा : साध्या दुखण्यासाठी आधी वस्तीजवळचं सरकारी आरोग्य केंद्र गाठायचं. सोबत हेल्थ कार्ड हवं. रुग्णवाहिकेसाठी ९९९.