घरची डीव्हीडी का रुसते?

आईबाबांच्या लग्नाची कॅसेट संगणकावर उतरवून मी डीव्हीडी केली. संगणकात ती छान चालली, टीव्हीखालच्या प्लेअरने मात्र 'नो डिस्क' म्हणून बाहेर ढकलली. आईचा चेहरा उतरला, ते अजून आठवतं.

चूक बहुधा साधी असते. एमपी४ फाइल नुसती कॉपी केली तर जुना प्लेअर ती ओळखत नाही. त्याला 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर आणि त्यात एमपेग-२ पद्धतीचं चित्रण लागतं. त्यामुळे बर्न करताना 'डेटा' नव्हे, 'डीव्हीडी-व्हिडिओ' निवडा, आणि शेवटी तबकडी 'फायनलाइज' करायला, म्हणजे तिचं लेखन पूर्ण करून बंद करायला विसरू नका.

तरीही अडलं तर तबकडी उलटी करून उजेडात धरा. जांभळट झाक दिसते ना? तो रंगद्रव्याचा थर. विकतच्या सिनेमाच्या तबकडीत माहितीच्या खुणा म्हणजे साच्याने दाबलेले बारीक खड्डे असतात; आपल्या तबकडीवर लेझर हा थर तापवून खुणा उमटवतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकडीत रंगद्रव्याऐवजी मिश्रधातू असतो. तो सुमारे १८ ते ३० टक्केच प्रकाश परत पाठवतो, दाबलेली एकपदरी तबकडी ४५ टक्क्यांहून जास्त. लेझर थकलेल्या जुन्या प्लेअरला एवढ्या अंधूक उजेडात वाचणं जमत नाही. म्हणून आठवणींसाठी साधी 'डीव्हीडी-आर' घ्या, कमी वेगाने बर्न करून बघा. वर कागदी लेबल अजिबात चिकटवू नका. ते जरा तिरकं बसलं तरी फिरताना तबकडी थरथरते.

माझ्या तबकडीचं फायनलाइज राहिलं होतं. दहा मिनिटांत आई नऊवारीत पडद्यावर होती.