न्हाणीघर: खर्च कोठे करावा

घर बांधणारा मनुष्य दिवाणखान्याचा विचार सर्वांआधी करतो, मग स्वयंपाकघराचा. देवघराला कोपरा कोठे मिळेल याचीही चिंता तो वाहतो. न्हाणीघर मात्र जेथे जागा उरेल तेथे होते. कधी जिन्याखाली, कधी दोन खोल्यांच्या सांदीत, चार फूट रुंद आणि सहा फूट लांब. वस्तुतः घरातील प्रत्येकाच्या दिवसाचा आरंभ तेथेच होतो. घरातील सर्वांत ओली, सर्वांत निसरडी आणि विजेच्या दृष्टीने सर्वांत जोखमीची खोलीही तीच. अशी खोली जुनी झाली, पदरी पैसा थोडा आहे, आणि ती सुधारावयाची आहे. तर तो थोडा पैसा कोठे घालावा, एवढाच आजचा विषय आहे.

बोलणे अधांतरी राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे घेऊ. बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडल्यावर बोम्मसंद्रा लागते. आनेकल तालुक्यातील हे गाव आज औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते. १० ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे हे दक्षिणेकडील शेवटचे स्थानक. तेथील एखाद्या कारखान्यात फिटरचे काम करणारा, बेळगावकडचा वा कोल्हापूरकडचा एक मराठी गृहस्थ आपण कल्पनेने उभा करू. त्याने पै पै साठवून एक जुने, दोन खोल्यांचे घर घेतले आहे. घरात पत्नी, दोन मुले, आणि सुगी आटोपली की गावाहून येऊन चार महिने राहणारी, गुडघ्यांनी बेजार झालेली आई. न्हाणीघरात नळांवर पांढरी पुटे चढली आहेत, कोपऱ्यातील लाद्या टिचकी मारली की पोकळ वाजतात, आणि पलीकडच्या खोलीत भिंतीला खालून वर ओल चढते आहे.

हा गृहस्थ रविवारी लाद्यांच्या दुकानात जातो. तेथे चकचकीत लाद्या आणि काचेची वर्तुळाकार बेसिने मांडलेली असतात. तो मनाशी हिशेब करतो आणि जवळचा सगळा पैसा त्या लाद्यांत घालावयास निघतो. नेमके येथेच त्याला थांबवावेसे वाटते. न्हाणीघरात जे डोळ्यांना दिसते ते सहसा बिघडत नाही. बिघडते ते लादीखाली आणि भिंतीआड. ओलीचे कारण तसेच ठेवून वर नवी लादी बसवणे म्हणजे मळक्या अंगावर नवा सदरा चढवण्यासारखे आहे. दोन पावसाळ्यांत ओल पुन्हा डोके वर काढते, आणि त्या वेळी ती काढावयाची तर नवी लादीच फोडावी लागते.

म्हणून पहिला पैसा पाण्याच्या वाटेवर खर्च व्हावा. आणि येणाऱ्या पाण्याच्या आधी जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर. जमिनीला मोरीकडे निश्चित ढाळ हवा. दर मीटरमागे एक ते दीड सेंटिमीटर ढाळ असला, तर पाणी निमूटपणे वाहून जाते. त्याहून कमी असला तर कोपऱ्यात साचते, शेवाळ धरते आणि माणसाला पाडते. ढाळ पाहण्यास यंत्र लागत नाही. एक तांब्या पाणी ओतावे आणि ते कोणत्या बाजूस जाते ते पाहावे. गवंडी निघून जाण्यापूर्वी ही परीक्षा घ्यावी. तो गेल्यावर घेतलेल्या परीक्षेचा उपयोग फक्त हळहळण्यास होतो.

मोरीच्या तोंडाशी, जमिनीखाली जे वाकडे भांडे बसवलेले असते, त्याला देशभरच्या नळकामाच्या व्यापारात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी अशी परप्रांतीच्या दुकानांतही जाऊन बसली आहे. बंगळूरच्या दुकानदारालाही हा शब्द परका नाही. या भांड्यात सुमारे दोन इंच पाणी सदैव उभे राहते, आणि गटारातील दुर्गंधी व झुरळे यांना घरात येण्यास तेवढीच अटकाव करणारी भिंत असते. भांडे उथळ असले, किंवा न्हाणीघर बरेच दिवस बंद राहून ते पाणी आटले, की घरभर वास सुटतो आणि मंडळी फिनेल ओतीत बसतात. अशा वेळी तांब्याभर पाणी ओतले तरी काम भागते. जुने भांडे उथळ वा फुटके असेल, तर लादी उचललेली असतानाच ते बदलावे. सर्व कामात हा खर्च किरकोळ, पण मागाहून करावयाचा म्हटला तर सर्वांत त्रासाचा.

यानंतर जलरोधक लेप. कल्पना नवी नाही. मोहेंजोदडो येथील प्रसिद्ध स्नानकुंड सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या विटांच्या भिंतीमागे डांबराचा थर दिला होता आणि तळाला एका कोपऱ्याकडे उतार ठेवून तेथून पाणी काढून दिले होते. लेप आणि ढाळ, या दोन गोष्टी त्या कारागिरांना जेवढ्या स्पष्ट समजल्या होत्या, तेवढ्या आमच्या पुष्कळ ठेकेदारांना आजही समजलेल्या नाहीत. आज सिमेंटमध्ये मिसळून ब्रशाने लावावयाचे लेप डब्यांत मिळतात. जुनी लादी आणि तिच्याखालचा सुटा मसाला काढून, जमीन स्वच्छ करून, नळ्यांभोवतीच्या फटी भरून, असे दोन हात एकमेकांना आडवे द्यावेत. लेप जमिनीवरच थांबवू नये. भिंतीवर निदान एक फूट, आणि अंगावर पाणी घेण्याच्या बाजूस डोक्याएवढ्या उंचीपर्यंत न्यावा. जमीन व भिंत जेथे भेटतात तो कोपरा काटकोनात न ठेवता मसाल्याने किंचित गोल करावा, कारण चीर पडते ती तेथेच.

लेप वाळला, की मोरीचे तोंड घट्ट बुजवून जमिनीवर दोन इंच पाणी भरावे, खडूने पातळीची खूण करावी आणि निदान २४ तास, जमल्यास ४८ तास तसेच ठेवावे. पातळी उतरली किंवा खालच्या छताला ओल दिसली, तर दोष आताच सापडला असे समजावे. कारागिराला ही परीक्षा आवडत नाही, कारण दोन दिवस त्याचे हात रिकामे राहतात. परंतु मजुरी ठरवतानाच हे दोन दिवस बोलीत धरले, तर वाद उद्भवत नाही. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराला तर ही परीक्षा चुकवूच नये. तेथे पुष्कळदा स्लॅब मुद्दाम खोलगट ठेवून विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. झिरपलेले पाणी त्या भरावात तळ्यासारखे साचते आणि वर्षभराने खालच्या शेजाऱ्याच्या छतावर डाग होऊन प्रकट होते. लेपावर वाचवलेले पैसे मग शेजारधर्मातून फेडावे लागतात.

आता येणारे पाणी. बोम्मसंद्र्याच्या बाजूस अनेक घरांचा व्यवहार कूपनलिकेवर आणि टँकरवर चालतो. बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर, कठीण खडकावर वसले आहे. कावेरीचे पाणी शहराला सुमारे १०० किलोमीटर दुरून वर चढवून आणावे लागते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या तेव्हा या व्यवस्थेची नाजूकता सर्वांना दिसली. खडकाच्या भेगांतून येणारे खोल पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. ते तापले वा वाळले, की क्षार मागे राहतो. नळावरचे पांढरे पुट, फवाऱ्याची बुजलेली भोके आणि गिझरच्या दांडीवरचे कवच हा सर्व त्याचाच प्रताप. अशा घरी दहा फिरक्यांचे नक्षीदार नळ घेणे म्हणजे बिघाड विकत घेणे होय. साधा, भक्कम, अर्ध्या फेऱ्यात उघडणारा पितळी नळ घ्यावा आणि त्याच्या तोंडाशी हवा मिसळणारी लहान जाळी बसवावी. जाळीने पाणी बरेच वाचते, आणि बुजली तर ती हाताने काढून धुता येते.

पुट घालवण्यासाठी बाजारी तीव्र ॲसिड वापरण्याची रूढी आहे, ती सोडावी. ॲसिड पुटाबरोबर लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंटही खाते आणि पोलादी जाळीला गंज चढवते. म्हणजे ज्या सांध्यांतून पाणी झिरपू नये म्हणून आपण खटपट केली, तेच आपण दर रविवारी पातळ करीत असतो. लिंबूफुलाचे पाणी किंवा व्हिनेगर कापडात भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवले, तर नळ स्वच्छ निघतो. आंघोळीनंतर भिंत रबरी पट्टीने निपटून काढण्याची सवय मुलांना लावली, तर पुट धरण्यास अवकाशच मिळत नाही. फवाऱ्याविषयीही दोन शब्द बोलावेत. फवाऱ्याखाली मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जाते; बादलीची आंघोळ १८ लिटरांत होते. टँकरच्या गावी बादली ठेवण्यास कसलाच कमीपणा नाही.

नळ्यांच्या बाबतीत माझे मत पुष्कळांना रुचणार नाही. जुन्या लोखंडी नळ्या गंजल्या असतील, तर त्या बदलाव्यात; गरम पाण्यासाठी त्या कामाच्या प्लास्टिक नळ्या घ्याव्यात. पण त्या भिंतीत लपवण्याचा अट्टाहास धरू नये. बंगळूरच्या पुष्कळ घरांच्या आतल्या भिंती चार इंची सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत खाचा पाडल्या की भिंत दुबळी होते. नळी भिंतीवरून सरळ रेषेत, पकडींवर नेली, तर मजुरी वाचते, गळती तत्काळ दिसते आणि दुरुस्ती एका तासात होते. आपल्या आजोबांच्या न्हाणीत नळी उघडीच होती.

आता कोठे लाद्यांची पाळी येते, आणि येथे मोकळेपणाने काटकसर करावी. चार बाय सहा फुटांच्या खोलीचा घेर वीस फूट. सात फूट उंचीपर्यंत सर्वत्र लादी लावली, तर १४० चौरस फूट. दाराचे सोळा वजा केले, तरी १२४ उरतात. पण पाणी अंगावर घेण्याचा कोपरा एकच असतो. त्या दोन बाजूंच्या मिळून आठ फुटांना सात फूट उंच लादी लावली, आणि उरलेल्या साडेनऊ फूट भिंतीला तीन फूट, तर सुमारे ८५ चौरस फूट लागतात. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश लादी व तिची मजुरी वाचली. वरच्या भागाला गुळगुळीत सिमेंट गिलावा आणि ओल सोसणारा रंग पुरतो. भिंतीला हवी तेवढी स्वस्त लादी चालेल. दुकानात मागील वर्षीच्या नमुन्यांचे उरलेले ढीग निम्म्या किमतीत मिळतात. जमिनीची लादी मात्र खरखरीत आणि लहान आकाराची घ्यावी. लहान लादीने ढाळ नीट साधतो, आणि तिचे अनेक सांधे पायाला पकड देतात. भिंतीची गुळगुळीत लादी जमिनीवर लावणे हा गुन्हाच मानावा.

कारण त्या घरात गुडघ्यांनी बेजार झालेली आई आहे. आईसाठी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत आणि स्वस्त आहेत. भिंतीत पक्का रोवलेला, कमरेच्या उंचीचा पोलादी दांडा; तोही पोकळ ठोकळ्यात किंवा नुसत्या गिलाव्यात नव्हे. बसून आंघोळ करण्यास रबरी पायांचे बळकट स्टूल. जुने भारतीय पद्धतीचे शौचपात्र फोडून उंच पात्र बसवावयाचे, तर खालचा लेपही फुटतो. पैसा नसेल, तर त्यावर ठेवावयाची पायांची खुर्ची मिळते, तिने काही वर्षे निभावते. आणि दार. लहान न्हाणीघराचे दार आत उघडत असले, तर आत पडलेले माणूसच दाराला अडसर होते आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. जुने दार कुजले म्हणून बदलणारच असाल, तर ते बाहेर उघडेल असे लावा आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी घ्या. या एका बदलाला जवळपास खर्चच नाही.

ऊन पाण्याचा प्रश्न उरला. जुन्या म्हैसूर भागातील घरांत, ‘बच्चलु मने’त, भिंतीलगतच्या चुलीवर तांब्याचा मोठा हंडा कायमचा बसवलेला असे. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तो घासून, फुलांनी सजवून पाण्याने भरण्याचा तेथे एक सणच आहे. आपल्या अभ्यंगस्नानाच्या तयारीशी त्याचे साम्य पाहून परदेशी आल्यासारखे वाटत नाही. त्या चुलीला धुराडे होते. धूर डोळ्यांना दिसे, नाकाला लागे, आणि म्हणून कोणी दार-खिडकी लावून चुलीपाशी बसत नसे. आजच्या गॅसच्या गिझराला मात्र धूर दिसत नाही. बंद खोलीत त्याला पुरेशी हवा मिळाली नाही, की अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्यास गुंगी येते आणि तो उठत नाही. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत नळी तेवढी न्यावी. बाहेर जागा नसेल, तर तो घेऊच नये. विजेचा गिझर घेतला, तर खरोखरीची अर्थ तार आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे यंत्र यांवर पैसे घालावेत. नक्षीच्या लाद्यांचे एक खोके कमी केले, तर ते यंत्र सहज येते. झरोक्याची झडप नेहमी उघडी राहील अशी ठेवावी.

सारे झाल्यावर सांध्यांचा मसाला पुरता वाळेपर्यंत, निदान तीन दिवस, खोली वापरू नये. तेवढ्यापुरती शेजाऱ्याकडे सोय पाहावी. नव्या लाद्यांपैकी पाच-सहा माळ्यावर ठेवून द्याव्यात, कारण पुढे एखादी फुटली तर तोच नमुना बाजारात मिळत नाही. आणि जमिनीखालच्या नळ्या झाकण्याआधी त्यांची छायाचित्रे घेऊन, भिंतीपासून किती इंचांवर कोणती नळी जाते हे कागदावर लिहून तो कागद घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. पुढच्या वेळी येणारा प्लंबर वेगळा असेल. आणि घरात तेव्हा राहणारा मनुष्यही कदाचित वेगळा असेल.