फुटबॉलचे नियम, लेखांक ९ : बचावपटूचा पाय आणि ऑफसाइड

ऑफसाइड जागी नुसते उभे राहणे हा गुन्हा नाही. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी आघाडीपटू त्या जागी होता आणि पुढे त्याने खेळात भाग घेतला, तरच शिट्टी वाजते. नियम क्रमांक ११ मध्ये याला एक मोठा अपवाद आहे. वाटेत प्रतिस्पर्धी बचावपटूने चेंडू जाणूनबुजून खेळला आणि त्याच्याकडून तो आघाडीपटूला मिळाला, तर ऑफसाइड लागू होत नाही. चेंडू बचावपटूच्या अंगाला नुसता आपटून वळला, तर ऑफसाइड कायम राहतो. अपवादामागचा हिशेब सरळ आहे : बचावपटूला चेंडूचे काहीतरी करायची संधी मिळाली होती, ती त्याने वाया घालवली, तर तोटा त्याच्याच संघाचा.

हा फरक २०१३ मध्ये नियमात स्पष्ट झाला. त्यानंतर बरीच वर्षे पंच मुख्यतः एवढेच पाहत, की बचावपटूने चेंडूकडे पाय किंवा डोके नेले की नाही. त्यातून विचित्र परिस्थिती उभी राहिली. जिवाच्या आकांताने घसरत जाऊन चेंडूला कसाबसा अंगठा लावणारा बचावपटू प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइडमधून सोडवत होता. तो जागेवर थांबला असता तर झेंडा वर गेला असता. १० ऑक्टोबर २०२१ रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात नेमके हेच झाले. फ्रान्स आणि स्पेन १-१ बरोबरीत होते. ८० व्या मिनिटाला तेओ हर्नांडेझने पुढे ढकललेला पास एरिक गार्सियाने अंग झोकून अडवू पाहिला, चेंडूला त्याचा ओझरता स्पर्श झाला आणि ऑफसाइड जागी असलेल्या किलियन एम्बापेने गोल केला. पंच अँथनी टेलर यांनी गोल मान्य केला, व्हिडिओ पंचांनीही तो उचलून धरला आणि फ्रान्सने करंडक जिंकला. तेव्हाच्या अर्थाप्रमाणे निर्णयात चूक काढणे अवघड होते. चूक असलीच तर त्या अर्थात होती.

नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने जुलै २०२२ मध्ये खुलासा केला. आता पाहायचा तो चेंडूवरचा ताबा. चेंडू सहकाऱ्याकडे देणे, स्वतःकडे घेणे किंवा दूर मारणे यांपैकी काहीतरी बचावपटूच्या आवाक्यात होते का, हा मूळ प्रश्न. ते ओळखायच्या खुणाही दिल्या आहेत : चेंडू लांबून आला आणि स्पष्ट दिसत होता का, त्याचा वेग फार नव्हता ना, दिशा अनपेक्षित नव्हती ना, आणि बचावपटूला अंग सावरायला वेळ मिळाला की त्याने केवळ प्रतिक्षिप्तपणे पाय ताणला? जमिनीवरून येणारा चेंडू हवेतल्या चेंडूपेक्षा खेळायला सोपा, हेही त्यात नमूद आहे. या कसोट्यांवर गार्सियाचा स्पर्श बहुधा टिकला नसता आणि गोल बाद ठरला असता.

पण फटका फसला म्हणजे तो जाणूनबुजून नव्हता, असे होत नाही. समजा, भिवंडीतल्या एखाद्या मैदानावर सामना चालू आहे. मध्यरेषेपलीकडून उंच चेंडू आला. सेंटर बॅक दोन पावले मागे सरकला, चेंडूखाली नीट उभा राहिला, उडी मारून हेडर घेतला. चेंडू मात्र कपाळाऐवजी डोक्याच्या मागच्या भागाला लागून पाठीमागच्या आघाडीपटूकडे गेला. खेळ चालू राहील. तोच चेंडू टणक जमिनीवर टप्पा घेऊन खड्ड्यामुळे भलतीकडेच उसळला आणि बचावपटूच्या नडगीवर आपटला, तर ऑफसाइड. हिरवळीच्या स्टेडियमपेक्षा आपल्याकडच्या मातीच्या मैदानांवर दिशेची खूण जास्त वेळा निर्णायक ठरते, याचा स्थानिक पंचांना कधी विसर पडू नये.

दोन गोष्टी या अपवादात बसत नाहीत. पहिली, गोल वाचवणे. गोलमध्ये किंवा अगदी गोलजवळ जाणारा चेंडू गोलरक्षकाने किंवा बचावपटूने मुद्दाम अडवला आणि तो ऑफसाइड जागच्या खेळाडूकडे आला, तरी ऑफसाइडच. दुसरी, आधीच झालेला अडथळा. आघाडीपटूने बचावपटूची नजर अडवली किंवा चेंडूसाठी त्याच्याशी झटापट केली, तर गुन्हा तिथेच पूर्ण होतो. नंतरच्या स्पर्शाने तो धुतला जात नाही.

निर्णयाची खरी अडचण माहितीच्या वाटणीत आहे. आघाडीपटू कुठे होता हे रेषेवरच्या साहाय्यक पंचाला दिसते. बचावपटूचा स्पर्श कसा होता हे बहुतेकदा मैदानी पंचाला जवळून दिसते. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी लिव्हरपूल-टॉटनहॅम सामन्यात देयान लोवरेनचा फटका फसून चेंडू ऑफसाइड जागच्या हॅरी केनकडे गेला आणि गोलरक्षक कारियसमुळे केन पडला. प्रीमियर लीगमध्ये तेव्हा व्हिडिओ पंच नव्हते. पंच जॉन मॉस आणि साहाय्यक एडी स्मार्ट यांना लोवरेनचा पाय लागला का, याची आपसांत बराच वेळ खातरजमा करावी लागली आणि मगच पेनल्टी मिळाली. केनची ती किक कारियसने अडवली, हा भाग वेगळा.

इंडियन सुपर लीगचे २०२४-२५ पर्यंतचे हंगामही व्हिडिओ पंचांविनाच झाले. तालुका-जिल्हा पातळीवर तर प्रशिक्षित लाइनमन मिळाला तरी पुष्कळ. अशा सामन्यात लाइनमनने झेंडा उचलायची घाई करू नये, चेंडू कोणाकडून आला ते आधी पाहावे. झेंडा वर गेलाच आणि स्पर्श जाणूनबुजून होता अशी पंचाची खात्री असेल, तर पंचाने हाताने खूण करून झेंडा खाली घ्यायला लावावा आणि खेळ पुढे चालू द्यावा. ऑफसाइड ठरला, तर आघाडीपटूने जिथे खेळात भाग घेतला तिथून बचाव करणाऱ्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक मिळते.