वेगळे कॉलेज : ग्रीन्सबरोच्या ए. अँड टी. विद्यापीठाची कहाणी

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा विषय निघाला की प्रश्नांना तोटा नसतो. गेल्या वर्षी बारावीतल्या एका विद्यार्थिनीने सरळच विचारले, "काळ्यांसाठी वेगळे कॉलेज म्हणजे पुन्हा गावकुसाबाहेरची वस्तीच ना?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाची उशिरा केलेली परतफेड आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. हे ड्युबॉईस स्वतः फिस्क या काळ्यांच्या खाजगी विद्यापीठातून पदवीधर झालेले. आम्ही येथे सांगणार आहोत ती कहाणी मात्र एका सरकारी विद्यापीठाची आहे, कारण सरकारने काय दिले आणि काय दिले नाही, याचा हिशेब तेथेच लागतो.

अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. शेती व यंत्रविद्या शिकविणारी कॉलेजे काढण्यासाठी केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या. दक्षिणेकडील राज्यांत या कॉलेजांत काळ्यांना प्रवेश नसे. १८९० साली दुसरा मॉरिल कायदा आला. त्यात अट अशी होती की, नवे अनुदान हवे असेल तर राज्याने प्रवेशात वर्ण पाहू नये. पाहायचाच असेल तर काळ्यांसाठी वेगळे कॉलेज काढावे व अनुदानाचा न्याय्य वाटा त्याला द्यावा. दक्षिणेतील राज्यांनी कोणता मार्ग पत्करला हे सांगायला नकोच.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात गोऱ्यांचे कॉलेज राजधानी रॅले येथे १८८७ साली स्थापन झाले होते. तेथे काळी मुले नकोत आणि अनुदान तर हवे, म्हणून १८९० मध्ये शॉ या काळ्यांच्या खाजगी विद्यापीठात तात्पुरते वर्ग सुरू केले आणि १८९१ मध्ये कायदा करून काळ्यांचे शेती व यंत्रविद्या कॉलेज स्थापन केले. १८९३ साली ते ग्रीन्सबरो शहरात हलले. जागा १४ एकर, इमारतीसाठी ११ हजार डॉलर. आणि हे देणारे कोण, तर ग्रीन्सबरोचे नागरिक. १८९६ पासून १९२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, जेम्स बी. डडली यांनी ही संस्था सांभाळली. ते गुलामगिरीत जन्मलेले गृहस्थ होते. संस्थेचे ब्रीद आहे 'बुद्धी आणि हात'. काळ्याने हाताचेच काम करावे अशी राज्यकर्त्यांची इच्छा असावी, असा आमचा समज आहे. बुद्धी हा शब्द आधी घालून संस्थेने त्यावर परस्पर उत्तर दिले.

एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. आरंभी येथे मुलीही शिकत होत्या, पण १९०१ साली त्यांचा प्रवेश बंद झाला तो १९२८ पर्यंत. ज्यांना दुसऱ्यांनी दार लावून घेतले होते, त्यांनी आपल्याच मुलींना दार लावून घेतले. आपल्या भगिनींनी हे वाचून आमच्याकडे पाहू नये, पण विचार मात्र करावा.

आता १ फेब्रुवारी १९६०, सोमवार. एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅककेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड हे पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी गावातल्या वूलवर्थच्या दुकानात गेले. या दुकानात काळ्या गिऱ्हाइकाचे पैसे चालत, पण खाण्याच्या काउंटरवर तो बसलेला चालत नसे. चौघांनी आधी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू विकत घेतल्या, पावती घेतली आणि मग काउंटरवर बसून कॉफी मागितली. आमच्यासारख्या बँकेत आयुष्य काढणाऱ्याला ही पावती फार मोलाची वाटते. एका काउंटरवर तुम्ही आमचे पैसे घेतले, मग दुसऱ्या काउंटरवर का नाही, या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नव्हते. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत चौघे बसून राहिले. वाचकांना १९२७ सालचे महाडचे चवदार तळे आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे पाणी होते, येथे कॉफी.

दुसऱ्या दिवशी वीसहून अधिक विद्यार्थी आले, आठवड्याअखेर शेकडो. बेनेट या काळ्या मुलींच्या खाजगी कॉलेजातील विद्यार्थिनी पहिल्या आठवड्यातच त्यांना येऊन मिळाल्या, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. विद्यार्थी पुस्तके घेऊन येत आणि काउंटरवर अभ्यास करीत बसत. मार्चअखेर हे लोण १३ राज्यांतील ५५ शहरांत पोहोचले. २५ जुलै १९६० रोजी वूलवर्थने माघार घेतली. त्या दिवशी काउंटरवर पहिल्यांदा जेवले ते त्याच दुकानात राबणारे काळे कर्मचारी. दुसऱ्यांना वाढणारे हात त्या दिवशी प्रथमच तेथे बसून जेवले. आज त्या इमारतीत नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. तीन वर्षांनी, १९६३ मध्ये, चित्रपटगृहे व उपाहारगृहे खुली व्हावीत म्हणून ग्रीन्सबरोत पुन्हा मोर्चे निघाले. त्यांचे पुढारीपण येथीलच विद्यार्थी जेसी जॅक्सन यांनी केले. पुढे १९८४ व १९८८ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढले.

सगळेच प्रसंग असे सुखान्त नाहीत. मे १९६९ मध्ये शाळेतील विद्यार्थी निवडणुकीवरून तंटा पेटला, विद्यापीठाच्या आवारात लष्करी तुकड्या आल्या आणि विली ग्राइम्स हा विद्यार्थी गोळी लागून मरण पावला. गोळी कोणी झाडली याबद्दल कोणावरही खटला झाला नाही.

त्याच वेळी तेथे रोनाल्ड मॅकनेअर नावाचा मुलगा भौतिकशास्त्र शिकत होता. साउथ कॅरोलिनातील लेक सिटी हे त्याचे गाव. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, गावच्या वाचनालयाने त्याला पुस्तके घरी न्यायला नकार दिला होता. १९७१ साली तो ए. अँड टी.चा पदवीधर झाला, १९७६ साली एम. आय. टी.मधून डॉक्टरेट मिळविली आणि १९८४ साली अंतराळात गेला. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या स्फोटात त्याचा अंत झाला. लेक सिटीच्या त्याच जुन्या वाचनालयाच्या इमारतीत आज त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. घराण्यातून प्रथमच कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेटची वाट दाखविणारी अमेरिकन सरकारची एक योजनाही त्याच्या नावाने चालते.

१९६७ साली कॉलेजचे विद्यापीठ झाले. २०१४ पासून विद्यार्थिसंख्येत हे कृष्णवर्णीयांचे सर्वात मोठे विद्यापीठ आहे; २०२४ साली तेथे १४ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. कृष्णवर्णीय अभियंते घडविण्यात त्याचा क्रम देशात वरचा आहे. प्रवेश कोणत्याही वर्णाच्या विद्यार्थ्याला आहे. गोऱ्यांची कॉलेजेही आता कायद्याने खुली आहेत. तरी मुले येथे येतात, कारण येथे त्यांना वर्गात एकटे पडावे लागत नाही, असे आम्हाला वाटते. गावकुसाबाहेरची वस्ती लादलेली असते. हे कॉलेजही लादलेलेच होते, पण आत गेलेल्यांनी ते आपले करून घेतले. त्या विद्यार्थिनीला आमचे एवढेच उत्तर आहे.

राहिला न्याय्य वाट्याचा प्रश्न. केंद्राच्या अनुदानाइतकीच भर राज्याने घालावी असा नियम आहे. गोऱ्यांच्या जुन्या कॉलेजांना ती मिळत गेली, काळ्यांच्या कॉलेजांच्या बाबतीत राज्यांनी वारंवार सूट मागून घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण व कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे पाठविली. १९८७ ते २०२० या काळात या राज्यांतील अशा विद्यापीठांना मिळून १२०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली, असा हिशेब त्यांत मांडला होता. त्यातली एकट्या ए. अँड टी.ची रक्कम २०० कोटी डॉलरच्या वर जाते. हा आकडा फक्त ३३ वर्षांचा आहे. १८९१ ते १९८७ ही मधली ९६ वर्षे त्यात धरलेलीच नाहीत आणि व्याजाचा तर उल्लेखही नाही.